क्रीडा कोटा की मेरिट? फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी

बारावीनंतर मी अर्ज दोन्हीकडे भरला होता. एका कॉलेजात क्रीडा कोट्यातून, दुसऱ्यात साध्या मेरिटवर. कोट्याची ओढ जास्त होती. टक्के बेताचेच होते, आणि कोट्यातून आलेल्या पोराकडे जिमखान्याचं पहिल्या दिवसापासून लक्ष असतं.

पण गाडी अडली ती प्रमाणपत्रावर. दोन हंगाम पेठेतल्या संघातून केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीग खेळलो होतो. शाहू स्टेडियम भरलेलं असताना खेळणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. टेबलामागच्या बाईंनी माझी प्लॅस्टिकची फाईल उलटीपालटी केली, लीगचे फोटो आणि मंडळाचं पत्र बाजूला सारलं आणि विचारलं, "शालेय स्पर्धेत राज्य पातळीवर काही?" माझी शाळा जिल्ह्यातच हरली होती. अकरा जणांच्या खेळात शाळेचा संघ कच्चा निघाला, तर एकट्या पोराने करायचं काय? नियम बाईंनी केला नव्हता, त्या नीटच बोलल्या. तरी ती बाजूला सारलेली फाईल आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

कुस्ती, नेमबाजी, जलतरण अशा खेळांत हे गणित वेगळं पडतं. तिथे पदक एकट्याचं असतं. राज्याचं पदक आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र हातात असेल, तर कोटा जरूर घ्यावा. माझ्या एका मित्राला, तो मल्ल आहे, दोन दिवसांत प्रवेश मिळाला. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशातही खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, तेही विसरू नका.

मी शेवटी मेरिटवर गेलो. बोर्डाचे क्रीडा गुण जास्तीत जास्त २५; त्यातले थोडे मिळाले, तेवढ्यावर काठावर बसलो. पुढे मैदानात कुणी विचारलंसुद्धा नाही की हा आला कुठून. कॉलेजकडून विद्यापीठाच्या झोनल (विभागीय) स्पर्धेत खेळलो, इंटरझोनल (आंतरविभागीय) स्पर्धेतही खेळलो. विद्यापीठाचा संघ निवडताना बघतात तो खेळ. एक अट मात्र आहे: आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित विद्यार्थीच लागतो, त्यामुळे बहिःस्थ प्रवेश घेऊन ती वाट बंद करून घेऊ नका.

मेरिटचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. कोट्यात जागा असेल तिथे जावं लागतं, मेरिटवर टक्के पुरले तर जिमखान्याचे सर बघून कॉलेज निवडता येतं. मल्ल खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. तेवढं कुणाकडे मागायचं नाही. पण फॉर्म भरण्याआधी एकदा संध्याकाळी पाचनंतर त्या कॉलेजच्या मैदानावर चक्कर मारून या. गोलपोस्टला जाळी आहे का आणि सर स्वतः उभे आहेत का, एवढं बघा.