क्लबफूटचा ब्रेस, सात महिन्यांनंतर : वेल्क्रोला कोपरापासून नमस्कार

मुलाचा ब्रेस जिथून घेतला त्या दुकानातून परवा फोन आला, "मॅडम, बाळाला आता पुढच्या नंबरचे बूट लागतील ना?" चार महिन्यांपूर्वी ह्याच माणसाने मला "मूल पाय झाडतं, त्याला आम्ही काय करणार" म्हणून काउंटरवरून परत पाठवलं होतं. तेव्हा आता लिहूनच टाकते.

मुलाचा डावा पाय जन्मतः आत वळलेला, म्हणजेच क्लबफूट. पोन्सेटी पद्धत, म्हणजे पाय हळूहळू सरळ करत घातलेलं मांडीपर्यंतचं प्लास्टर, दर आठवड्याला नवीन, एकूण सहा. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी "ग्रहणात काही चिरलंस का गं" हे विचारून घेतलं. हजारात साधारण एका बाळाला हे असतं. एवढ्या सगळ्या आया ग्रहणात गवार मोडत बसल्या होत्या का?

ऑपरेशनची मात्र सगळ्यांनी उगाच धास्ती घेतली होती. बाळ दोन महिन्यांचंही नव्हतं. टाचेपाशी भुलीचं इंजेक्शन, बारीक पात्याने टाचेमागची आखडलेली नस (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापली, टाका नाही, लगेच वर प्लास्टर. सासरे चहा आणायला खाली गेले होते, ते वर येईपर्यंत बाळ माझ्याकडे दूध पीत होतं. तीन आठवड्यांत ती नस वाढीव लांबीवर पुन्हा जुळते. प्लास्टर काढल्यावर टाच खाली आलेली दिसली तेव्हा मी रडले, हे कबूल.

खरं प्रकरण पुढे आहे, ते म्हणजे ब्रेस. दोन बूट, मध्ये दांडी, तीन महिने दिवसाचे तेवीस तास. नंतर फक्त झोपेत, पण चार-पाच वर्षांचा होईपर्यंत.

आम्ही घेतला वेल्क्रोवाला. ३,२०० रुपये. दिसायला झकास, आत मऊ अस्तर, घालायला अर्धं मिनिट. पहिल्या महिन्यात मी बहिणीला पाचपैकी पाच म्हणून सांगितलं होतं. ते मागे घेते.

एक म्हणजे आवाज. अंघोळीचा एक तास सोडला तरी पाय ओला झाला, मोजा सरकला, की रात्री दोनला बूट उघडायचा. चर्रर्र! बाळ जागं, नवरा जागा, शेजारच्यांचा कुत्रा जागा. दुसरं, दुपट्याचा दोरा, लोकरीचे धागे, नवऱ्याच्या बनियनचा कापूस, सगळं त्या पट्टीला चिकटतं. जुन्या टूथब्रशने आणि सेफ्टी पिनने मी रोज ते उकरत होते. तिसऱ्या महिन्यात पट्टी धरेनाच. टाच आत उचलली जायला लागली आणि टाचेवर फोड. मला वाटलं, बूट घट्ट होतोय, म्हणून अजून सैल केला. डॉक्टर चिडले. फोड बहुतेक वेळा सैल बुटानेच येतो, पाय आत घासतो म्हणून. हे दुकानात कोणी सांगितलं नाही. बिल दाखवलं, तर "झिजेला वॉरंटी नाही." तीन महिन्यांत झीज!

मग एका ओळखीच्या बाईंनी जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट येतं, ब्रेस फुकट मिळाला. चामड्याचे बूट, लेस आणि बक्कल, रंग गेरूसारखा. बघून माझं तोंडच उतरलं. नवरा म्हणाला, फुकट आहे, घाल. पहिला आठवडा लेस बांधताना मी त्याच्यावरच डाफरत होते, कारण पाय झाडणाऱ्या बाळाला लेस बांधणं म्हणजे चालत्या रिक्षात सुईत दोरा ओवणं. आता डोळे मिटून बांधते. आणि टाचेशी एक भोक आहे, त्यातून टाच खाली टेकली की नाही ते दिसतं. ३,२०० रुपयांत हे भोक मिळालं नव्हतं.

दांडीबद्दल एकच : स्क्रूवर मार्करने रेघ मारून ठेवा. डावा बूट ७० अंश बाहेर, चांगला पाय ४० वर. स्क्रू ढिला झाला की रेघ सरकलेली दिसते. दांडीला सायकलच्या हँडलचं फोम गुंडाळलंय, नाहीतर माझ्या बरगड्या गेल्या असत्या.

फोनवर मी विचारलं, लेसवाले आहेत का?

"ते जुनं मॉडेल, मॅडम. आता कोणी घेत नाही."