केशरी करेक्टर कुठल्या काळ्या वर्तुळांना चालतो?

करेक्टर म्हणजे कन्सीलरच्या आधी लावून वर्तुळांचा रंग मारणारं रंगीत क्रीम. एल. ए. गर्ल या ब्रँडच्या प्रो कन्सील एचडीमधली ही केशरी ट्यूब 8 ग्रॅमची, तोंडाला ब्रश. पहिल्यांदा हातावर काढली की वाटतं, हा झेंडूचा रंग तोंडाला फासायचा? पण सगळं काम त्या रंगाचंच आहे. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर निळसर वर्तुळांवर थेट कन्सीलर (त्वचेच्या रंगाचं, डाग झाकणारं क्रीम) लावला की राख चोळल्यासारखं दिसतं. केशरी रंग ती निळाई मारतो, मग वरचा कन्सीलर त्वचेत मिसळतो. उजळ गोऱ्या त्वचेला मात्र हा रंग जड होतो, तिथे पीच बरा.

घेण्याआधी आरसा घेऊन खिडकीकडे तोंड करून उभं राहा आणि हनुवटी थोडी वर करा. काळेपणा बराचसा गेला, तर ती डोळ्याखालच्या खळगीची सावली आहे. तिच्यावर कुठलाच करेक्टर चालत नाही, उलट थर दिला की खळगी जास्त उठून दिसते. उजेडातही रंग तसाच राहिला, तर निळा-जांभळा की तपकिरी ते बघा. निळ्यावर ही ट्यूब उत्तम. गडद तपकिरीवर ठीक, पण पैसे वाया जात नाहीत एवढंच.

लावताना गडबड होते ती मापात. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढं पुरतं. ट्यूब थोडी जोरात दाबली तरी चौपट बाहेर येतं, म्हणून आधी मनगटाच्या मागे काढावं. ब्रश थेट डोळ्याखाली फिरवू नये, त्याला त्वचेचं तेल लागतं आणि तो मळतो.

आधी हलकं मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं जाऊ द्या. ते मुरायच्या आत करेक्टर लावला की तो सरकतो आणि दुपारपर्यंत बारीक रेघांमध्ये जाऊन बसतो. मग अनामिकेने, फक्त काळ्या भागावर, टिपत टिपत. चोळलं की खालचा रंग परत उघडा पडतो. पापण्यांच्या मुळापासून दोन मिलिमीटर जागा सोडा. मिनिटभर थांबून वर कन्सीलर, तोही टिपूनच. त्याची शेड त्वचेची किंवा फार तर अर्धी उजळ असावी; दोन शेड उजळ घेतला की फ्लॅशच्या फोटोत घुबड. शेवटी पावडर चिमूटभर, तीही दमट हवेत किंवा तेलकट त्वचा असेल तरच.

वरून केशरी झाक दिसत असेल तर कन्सीलरचा दुसरा थर देऊ नका. करेक्टर जास्त झालाय, स्वच्छ स्पंजने टिपून कमी करा.

आणि काजळ! खालच्या पापणीत भरलेलं काजळ घामाने उतरतं आणि झाकलेलं सगळं पुन्हा काळं करतं. त्या दिवशी काजळ वरच्या पापणीपुरतंच ठेवा. रात्री काढताना मायसेलर वॉटरचा (मेकअप काढायच्या पाण्याचा) कापूस डोळ्यावर 20 सेकंद नुसता धरा, मग पुसा. रोज खसाखसा पुसणाऱ्यांची तपकिरी वर्तुळं त्या घासण्यानेच गडद होत जातात.

ही ट्यूब झाकते, कमी काहीच करत नाही. कमी करायचं तर सनस्क्रीन आणि डोळे न चोळणं आधी. कॅफीनचं सीरम रक्तवाहिन्या थोड्या आकसवतं, सूज उतरवतं, पण असर काही तासांचाच. काकडीच्या चकतीचा उपयोग मुख्यतः तिच्या गारव्याचा. ओला थंड रुमालही तेच करतो. लिंबू मात्र लावूच नका, तिथली त्वचा पातळ असते, भाजल्यासारखी होऊन आणखी काळी पडते. स्टेरॉइडची गोरं करणारी क्रीमं तर त्वचा आणखी पातळ करतात, मग खालच्या शिरा दिसायला लागतात आणि वर्तुळं पहिल्यापेक्षा निळी. ॲलर्जीने डोळे सतत खाजत असतील किंवा रक्त कमी असल्याची शंका असेल, तर करेक्टरच्या आधी डॉक्टरांना दाखवा; रक्ताची शंका असेल तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या.