मक्याचा लॅब रिपोर्ट बघून गाडी खाली करून घेऊ नका

ब्रॉयलरवाल्यांनो, जे घरीच खाद्य बनवतात त्यांनी वाचा. दिवाळीच्या आसपास आमच्या नाशिक भागात नवा मका येतो आणि परतीच्या पावसात भिजलेला पण त्यातच येतो. एका व्यापाऱ्याने व्हॉट्सअपवर लॅबचा रिपोर्ट टाकला, अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष 20 पीपीबीच्या (अब्जात 20 भाग) आत, ओलावा 12 टक्के, भाव पण जरा कमी, दादा बिनधास्त घ्या म्हणे. गाडी आली तेव्हा कडेची पोती उघडून दाखवली, मका पिवळाधमक, दाणा वाजणारा. आतल्या थप्पीतल्या पोत्यांत वर दोन ओंजळी तसलाच माल आणि खाली काळपट, गठ्ठे झालेले दाणे, हात घातला की बोटाला हिरवट भुकटी, पण हे दिसलं तोवर निम्मा मका दळून पिल्लांच्या पोटात गेला होता.

भिजलेला मका वाळवून मिसळला होता हो. वाळवला की बुरशी वाढायची थांबते, पण तिने आधीच सोडलेलं विष कुठे जाणार, ते पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या करतानाच्या उष्णतेनेही जात नाही.

बॅच लहानमोठी झाली, खातायत पण वजन नाही, त्यात लस वेळेवर देऊनही गंबोरो हा पिल्लांचा विषाणूचा रोग आला. डॉक्टरांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला, लिव्हर तांबूस-तपकिरी हवं ते पिवळट, सुजलेलं, बोटाने दाबलं की भुगा. म्हणाले अफ्लाटॉक्सिनने प्रतिकारशक्तीच बसते, मग लस धरत नाही.

व्यापारी म्हणतो तुमच्या गोदामात ओल असेल! वर टॉक्सिन बाइंडर (खाद्यात मिसळायची विष धरून ठेवणारी पावडर) घाला, माझ्याकडेच आहे. (धंदा बघा.) मातीवाला बाइंडर अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरतो पण टी-टू या बुरशीच्या दुसऱ्या विषाला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि बिघडलेलं लिव्हर तर त्याने काही दुरुस्त होत नाही.

रिपोर्टखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता. तो नमुना कुणी दिला, त्यानेच. विष काय सगळ्या पोत्यांत सारखं नसतं, म्हणून गाडी खाली होताना मधल्या, तळाच्या बऱ्याच पोत्यांतून मका काढा, एकत्र कालवा, दोघांच्या सह्या करून सील करा, तपासून येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. जो याला नाही म्हणेल त्याची गाडी परत पाठवा.

आमचे पैसे अडकलेत, व्यापारी फोन उचलत नाही. परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याने त्याला आलेला रिपोर्ट दाखवला, आमच्या रिपोर्टचा होता नंबर तोच, तारीख पण तीच.