सुपारी, साक्षगंध की त्याच मांडवात लग्न?

तूर घरात आली की आमच्या वऱ्हाडात सोयरिकी जमू लागतात. पसंती झाली, की बैठकीत प्रश्न येतोच: घरी सुपारी फोडायची, लॉन घेऊन साक्षगंध करायचं, की त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळं व्हायचं?

सुपारीला खर्च कमी. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं, मुलीला कुंकू, ओटी, आणि वरण-पोळी-वांग्याची भाजी. चार मोठ्यांसमोर दिलेला शब्द, बस. जुन्या ग्रंथांतलं 'वाग्दान' तरी दुसरं काय होतं?

पुण्याकडचा साखरपुडा तो आपल्याकडे साक्षगंध. नावात साक्ष आहे, गंध आहे, अंगठी कुठेच नाही. रोमन लोक वाग्दत्त वधूला लोखंडाची अंगठी पाठवत, असं त्यांच्यातल्याच प्लिनी नावाच्या लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. आपल्याकडे आता सोन्याशिवाय फोटो निघत नाही!

पण पैशापेक्षा महाग पडतात ते साक्षगंध ते लग्न यांच्यातले महिने. सणाची साडी, येणं-जाणं, मग हळूच एखादी मागणी. गावाच्या लेखी अर्धं लग्न लागलेलं असतं, आणि मोडलं तर बोट मुलीकडेच. याज्ञवल्क्य स्मृतीने तरी शब्द देऊन मुलगी परत घेणाऱ्याला दंड आणि झालेला खर्च व्याजासह भरायला सांगितलाय. आणि त्याच स्मृतीत, अधिक चांगला वर आला तर दिलेली मुलगीही काढून घ्यावी अशी मुभाही आहे! आजचा कायदा सरळ आहे. साक्षगंधाने लग्न होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, सप्तपदीची रीत असेल तिथे सातवं पाऊल पडल्यावरच ते पूर्ण होतं. मात्र मधल्या काळात कोणी गाडी मागितली, तर १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात नुसती मागणीही गुन्हा आहे.

राहिलं साक्षगंधातच लग्न. एक मांडव, एक पंगत, बापावरचं एक कर्ज कमी. मला ही रीत आवडते, पण तिचा एक प्रकार मुळीच नाही: जेवणं चालू असताना कोणीतरी मामा उठतो, "आता उरकूनच टाका ना" म्हणतो आणि टाळ्या पडतात. दोनशे माणसांसमोर "चालते ना बाई तुले?" विचारल्यावर पोरगी नाही कशी म्हणेल? एकाच दिवशी करायचं असेल तर आदल्या आठवड्यातच ठरवा, तिला एकटीला विचारून. वयाचे दाखले पाहा, तिचं १८ आणि त्याचं २१ पूर्ण हवं. नंतर ग्रामपंचायतीत नोंदणीलाही तेच लागतात. आणि हो, आत्याला आधी कळवा, नाहीतर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल.

दोन्ही घरं ओळखीची आणि पोरगा-पोरगी आधी बोललेली असतील, तर एकाच दिवशी करा. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी असेल तर घरी सुपारी फोडा, तारीख परीक्षेनंतरची काढा. लॉनचं बुकिंग एकदाच, लग्नाचं.