४ जीबीच्या जुन्या मशिनवर झेडरॅम: कामाचं आहे, पण डिस्क स्वॅप बंद करूनच

जळगाव-धुळ्याकडच्या सेवा केंद्रांत ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क आणि वर लिनक्स मिंट असा संच अजून दिसतो. फळपीक विम्याची मुदत जवळ आली की ब्राउझरचे टॅब, पीडीएफ आणि स्कॅनर एकदम चालू राहतात आणि डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. त्यावर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) २०१४ पासून (आवृत्ती ३.१४) असलेलं झेडरॅम, म्हणजे सध्या न लागणारा डेटा रॅममध्येच दाबून ठेवायची सोय, हा फुकटचा इलाज आहे.

रॅम अपुरी पडली की कर्नल बराच वेळ न लागलेली ४ केबीची पानं (मेमरीचे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमबाहेर पडलेल्या पानांसाठी एरवी डिस्कवर राखलेल्या जागेत टाकतं आणि पेज टेबलात (कुठलं पान कुठे आहे याच्या यादीत) त्यांचा स्वॅपमधला ठिकाणा लिहून ठेवतं. प्रोग्रॅमने पुन्हा हात लावला की पेज फॉल्ट होतो आणि पान येईपर्यंत तो अडकून पडतो. फिरत्या डिस्कवर एका सुट्या वाचनाला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वाचनं. झेडरॅम तेच पान दाबून रॅममध्येच ठेवतं. उलगडायला काही मायक्रोसेकंद पुरतात.

बसवायला 'झेडरॅम-टूल्स' पॅकेज पुरेसं आहे. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये परसेंट (रॅमच्या किती टक्के) ५० ते १००, प्रायॉरिटी १०० आणि अल्गोरिदम (दाबायची पद्धत) एलझेड४ ठेवावा. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण प्रोसेसरला राबवतं. भुसावळच्या मे महिन्यात धुळीने माखलेल्या पंख्याखाली एलझेड४च बरं. हाताने बसवणार असाल तर अल्गोरिदम आधी, आकार नंतर. उलट केलं तर 'डिव्हाइस बिझी' येतं आणि रिसेट करावं लागतं. कर्नलचं 'पेज-क्लस्टर' हे सेटिंग ३ वरून ० करा: शेजारची मिळून ८ पानं एका खेपेत उचलायची सवय डिस्कसाठी आहे, इथे ती फुकटची उलगडणी. स्वॅपिनेस (कर्नलने स्वॅपकडे किती झुकावं याचा आकडा) ६० वरून १०० ते १५० करायला हरकत नाही, कर्नल ५.८ पासून ते २०० पर्यंत जातं.

खरी गोची झेडरॅम आणि डिस्क स्वॅप दोन्ही चालू ठेवण्यात आहे. प्रायॉरिटी जास्त म्हणून झेडरॅम आधी भरतं, तेही सर्वांत थंड, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या पानांनी. ती तिथेच ठाण मांडतात आणि नंतरची, लवकर लागणारी पानं डिस्कवर जातात. नेमकं उलटं! म्हणून डिस्क स्वॅप बंद करा आणि एफस्टॅबमधली (मशिन सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमधली) त्याची ओळही काढा, नाहीतर रीस्टार्टनंतर तो हजर. स्वॅप भरलेला असताना मात्र तो बंद करायची 'स्वॅपऑफ' ही कमांड देऊ नका. सगळी पानं परत रॅममध्ये आणावी लागतात आणि जागा नसली तर प्रोग्रॅम मारले जातात. झेडस्वॅप (डिस्क स्वॅपच्या आधी पानं रॅममध्ये दाबून ठेवणारी कर्नलची दुसरी सोय) चालू असेल तर तोही बंद ठेवा. तो झेडरॅमच्या आधीच पानं अडवतो.

४ जीबीचे ८ जीबी होतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मजकुराची पानं छान दबतात. फोटोंसारखा आधीच दाबलेला डेटा दबत नाही, तो पूर्ण ४ केबीच अडवतो. प्रत्यक्ष बचत 'झेडरॅमसीटीएल' या कमांडमध्ये डेटा आणि टोटल या रकान्यांतल्या फरकात दिसते.

वीज गेल्यावर बॅटरी संपायच्या आत लॅपटॉप हायबरनेट करायची (रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून बंद करायची) सवय असेल, तर झेडरॅम एकट्याने चालणार नाही. हायबरनेटला डिस्कवरचा स्वॅप लागतोच. तिथे डिस्क स्वॅप ठेवून झेडस्वॅप घ्यावा. तो पानं रॅममध्ये दाबतो आणि ठरलेली मर्यादा (मूळ रॅमच्या २० टक्के) भरली की जुनी पानं स्वतःच डिस्कवर ढकलतो.