बुलेटच्या टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग: तीन महिन्यांनंतर

वडिलांची १९९४ची बुलेट ३५०, बिडाच्या इंजिनाची. दोन्ही टॅपेट कव्हरांतून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावरच्या (हेडवरच्या) झाकणांतून, तेल पाझरून फिन्सवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांवर) जळायचं, उजवी पँट कायम तेलकट. एका गॅरेजवाल्याने मूळ पॅकिंगवर शेलॅकचा (फटी बुजवणाऱ्या चिकट लेपाचा) थर चोपडून नट आवळून दिला. आठवड्यात गळती परत सुरू. शिवाय शेलॅकचे तुकडे आत पडले होते, ते बघून जीव हळहळला. तेच तुकडे तेलाच्या वाटेत अडकले असते तर?

मग पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून रबरी पॅकिंगची जोडी आणली, ८० रुपये. घरीच बसवली. काचेवर पॉलिश पेपर ठेवून कव्हर घासलं, तेव्हा कळलं की खरा दोष तिथे होता: प्रत्येक कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, आणि वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने कडा वाकल्या होत्या. जुनं पॅकिंग खरवडताना पितळी पट्टी वापरली, हेडच्या बाजूला ओरखडा नको म्हणून. इंजिन पूर्ण थंड असताना नट हाताने बसवून वर जेमतेम पाव फेरा दिला. शेलॅक अजिबात नाही.

सोबत ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी, नळीही साफ केली. ती तुंबली की आतला दाब तेलाला कुठूनतरी बाहेर ढकलतोच, मग पॅकिंग कितीही चांगलं असो.

तीन महिन्यांत आंबा घाट दोनदा झाला. फिन्स कोरड्या. रबर थोडं जाड आहे, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट एकदा तपासावा लागला. तरीही वाकडं कव्हर सरळ करायची तयारी असेल तर जरूर घ्या.