अक्षतांचे चौकोन

मुलीच्या लग्नाचं शूटिंग आम्ही मिरजेतल्या एका ओळखीच्या माणसाला दिलं. ओळखीचा म्हणून पावतीवर फक्त 'व्हिडिओ पॅकेज' एवढंच लिहून घेतलं, ही पहिली चूक माझी. पॅकेज ८५ हजारांचं. वर 'काका, फोर-के मास्टर कॉपी घ्या, नातवंडं बघतील' म्हणून आणखी १५ हजार. नातवंडांचं नाव काढल्यावर कुठला बाप घासाघीस करतो?

तीन महिन्यांनी पेन ड्राइव्ह हातात आला. सगळे टीव्हीपुढे बसलो. मंगलाष्टकं सुरू झाली, माणसं एका जागी उभी होती तोवर ठीक होतं. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि चित्राचा पार भुगा झाला. तांदळाचा दाणा दिसेना, नुसते गुलाबी चौकोन थरथरत होते. पुढे लक्ष्मीपूजनात पैठणीच्या काठावरचे मोर म्हणजे पिवळे डाग. फोन केला तर उत्तर तयारच होतं, 'काका, टीव्ही जुना असेल तुमचा.'

पुण्यात एडिटिंग करणारा भाचा दिवाळीला आला, तेव्हा उलगडा झाला. त्यानं मीडियाइन्फो नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली. चित्राची मापं ३८४० बाय २१६० ठिपके, म्हणजे कागदोपत्री फोर-के. पण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी खर्च केलेला डेटा, जेमतेम ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट). यूट्यूबसुद्धा साध्या फोर-के व्हिडिओसाठी ३५ ते ४५ सुचवतं, आणि ७२०पी या त्याहून बऱ्याच लहान मापासाठी ५. दोन तासांची फिल्म ४० नं काढली तर फाइल ३६ जीबीच्या आसपास जाते. आमची होती ३.७ जीबी. चित्र स्थिर असलं की कमी डेटात भागतं. हजार दाणे हजार दिशांना उडाले की तो पुरत नाही आणि चौकोन पडतात.

'मामा, आता नावं बघा,' तो म्हणाला. पडद्यावर वधूवरांची नावं सुरीनं कापल्यासारखी धारदार, आणि त्याच फ्रेममध्ये पोरीचा चेहरा मात्र दुधावरच्या सायीसारखा. नावं फोर-केमध्ये टाकलेली, खालचं चित्र लहान मापाचं ताणून मोठं केलेलं. एडिटिंग करताना कॉम्प्युटर अडखळू नये म्हणून मूळ शूटिंगच्या हलक्या प्रती करतात, त्यांना प्रॉक्सी म्हणतात. काम झालं की एक्सपोर्टच्या, म्हणजे अंतिम फिल्म काढायच्या वेळी मूळ फाइली परत जोडायच्या असतात. आमच्या मूळ फाइलीच उरल्या नव्हत्या, म्हणून प्रॉक्सीच ताणल्या. कार्डं पुसून पुढच्या लग्नांना लावली, हे शूटिंगवाल्यानं समोरासमोर बसल्यावर कबूल केलं. त्याआधी मात्र 'पेन ड्राइव्हमध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही हो' हेही ऐकवलं. हे अर्धसत्य फार चलाख आहे. पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर खरंच बसत नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट केला की बसते. दोन मिनिटांचं काम.

कार्ड पुसलं जाणं ही चूक समजू शकतो. पण ते माहीत असताना ताणलेल्या चित्रावर फोर-केचे पैसे घेणं, याला मी लबाडीच म्हणतो.

तुमच्या घरी कार्य असेल तर पावतीवर मापासोबत बिटरेटही लिहून घ्या. फोटोग्राफरला तो शब्द कळत नसेल तर तेही तेव्हाच कळेल. स्वतःची हार्ड डिस्क द्या आणि आठवड्याच्या आत मूळ शूटिंग तिच्यात भरून मागा. शेवटचा हप्ता फाइल तपासल्यावरच. आणि 'आता व्हॉट्सअ‍ॅपवर बघून ओके करा' म्हणाला तर पसंती गाण्यांची आणि क्रमाची द्या, चित्राची नको; व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच व्हिडिओ आवळून टाकतं.

१५ पैकी ८ हजार परत मिळाले, तेही भाच्यानं तो आकड्यांचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर. अंतरपाट खाली येतानाचं चित्र मात्र कोल्हापूरच्या मावशीच्या फोनात निघालं. ग्रुपवर आलेली तिची क्लिप धूसरच होती, म्हणून तिच्या घरी जाऊन केबल लावून मूळ फाइल आणली. ४० सेकंदांची आहे, मध्येच कुणाचा तरी फेटा आडवा येतो, पण जावयाच्या खांद्यावर अडकलेल्या अक्षता मोजता येतात.